फोनवर आई ‘मासे’ म्हणते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वरळी कोळीवाड्यात घरोघरी एक पत्रक वाटलं गेलं. वर माइकचं चित्र, खाली क्यूआर कोड आणि मधे ठळक अक्षरांत ‘घरबसल्या आपल्या बोलीत बोला’. बोलीभाषांचे आवाज जमवायचे आणि त्यावरून संगणकाला मराठी ऐकायला शिकवायचं, असा तो प्रकल्प. संस्थेचं नाव इथे घेत नाही. हेतू चांगला आहे, आणि पत्रक घेऊन आलेला मुलगा आमच्या गल्ल्या फिरून इतका घामाघूम झाला होता की मी त्याला आधी पाणी दिलं. तो म्हणाला, आधी माणसं घरी पाठवायचं ठरलं होतं, आता सगळं ऑनलाइन. प्रवासखर्च वाचतो आणि तेवढ्याच पैशात जास्त तास मिळतात. ‘तास’ हा शब्द तो तीनदा बोलला. या तासांविषयी दोन शब्द लिहायचे आहेत. दोनाचे जास्त झाले तर सांभाळून घ्यावं.

मी १९७९ साली बॉम्बे टेलिफोन्समध्ये ऑपरेटर म्हणून लागले. पुढे १९८६ मध्ये एमटीएनएल झालं, पाटी बदलली, हेडसेट तोच राहिला. सुरुवातीची वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून देण्यात, काढली. ज्यांनी ट्रंक कॉल लावलाय त्यांना आठवत असेल, तीन मिनिटांचा हिशेब असायचा. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?’ त्या कामात एक गोष्ट मी हजारो वेळा ऐकली. पहिलं मिनिट माणूस फोनशी बोलतो. ‘नमस्कार, मी मुंबईहून बोलतोय, आपली तब्येत कशी आहे?’ सख्ख्या भावाला ‘आपली’! दुसऱ्या मिनिटाला पैशाचं, पावसाचं. आणि तिसऱ्या मिनिटाला, म्हातारी आजारी आहे किंवा म्हैस व्याली, असलं काही निघालं की एकदम गावची भाषा. साताऱ्याचा साताऱ्यासारखा, मालवणचा मालवणसारखा. नेमकं तेव्हाच मला मधे तोंड घालावं लागायचं.

तेव्हा हा सगळा नोकरीचा भाग वाटायचा. शास्त्रात यावर पुस्तकं आहेत हे मला भाचीने सांगितलं. ती भाषाविज्ञान शिकली. २०२०च्या जूनमध्ये, सगळं बंद असताना, तिला कोळी बोलीवर छोटं काम करायचं होतं. वस्तीत येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आजीची, म्हणजे माझ्या आईची, व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्यायचं ठरवलं. फोन धरायचं काम माझ्याकडे.

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, गळ्यात सोनं घातलं आणि पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी ताठ बसली. भाचीने नाव, वय, पत्ता विचारला. मग विचारलं, ‘आजी, तू काय विकायचीस?’ आई म्हणाली, ‘मी मासे विकत होते.’

मासे! पन्नास वर्षं डोक्यावर पाटी घेऊन फिरलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द घरात कधी कोणी ऐकलेला नव्हता. आमच्याकडे म्हावरं असतं. मासे पुस्तकात असतात. भाची म्हणाली, ‘आजी, रोज बोलतेस तशी बोल ना.’ त्यावर आई पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘अगं, रेकॉर्ड होतंय ना?’ चाळीस मिनिटं ती अशीच बोलली, आकाशवाणीवर बोलावल्यासारखी. ‘पाणी’तला ण स्वच्छ, ‘गाडी’तला ड स्वच्छ, ‘कोळीवाडा’ तर इतका शुद्ध की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती. एरवी ती ‘कोलीवारा’ म्हणते. आमच्या बोलीत ळचा ल होतो, णचा न होतो आणि दोन स्वरांमधल्या डचा र होतो. घोडा म्हणजे घोरा, गाडी म्हणजे गारी. त्या चाळीस मिनिटांत यातलं एकही सापडलं नाही. म्हणजे तासांच्या वहीत चाळीस मिनिटं जमा आणि कोळी बोली शून्य.

आता कोणी म्हणेल, घरी गेलं असतं तर आई घडाघडा बोलली असती. तसंही झालं नाही, तेही प्रामाणिकपणे लिहिते. २०२२ मध्ये भाची तिच्या एका पुण्याच्या मैत्रिणीला घेऊन आली. कॉलर माइक, छोटा रेकॉर्डर, छापील प्रश्नावली. मैत्रीण फार गोड मुलगी, पण ‘आजी, आपण कृपया थोडंसं सांगाल का’ असं बोलायची. आईने चांगले कप काढले आणि पुन्हा ‘मासे’ सुरू केले. समोर कॅमेरा असो की पुण्याची पाहुणी, आईच्या लेखी दोन्ही परकेच.

भाची तेव्हा म्हणाली की ही अडचण सगळ्यांचीच आहे. विल्यम लबॉव नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हणत: कोणी ऐकत नसताना माणूस कसा बोलतो ते हवंय, पण ते मिळवायचं तर ऐकणारा हवाच. त्यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना विचारलं, अमुक वस्तू कुठे मिळेल? उत्तर ‘चौथा मजला’ असंच येईल, अशीच वस्तू ते निवडायचे. इंग्रजीत त्या दोन शब्दांत (‘फोर्थ फ्लोअर’) दोनदा र येतो आणि तो र कोण उच्चारतो, कोण गिळतो हेच त्यांना बघायचं होतं. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचे, म्हणजे जरा जपून केलेला उच्चारही मिळायचा. मला ही युक्ती फार आवडली. अर्थात आज अशी फसवाफसवी आधी न विचारता कोणी करू नये.

लबॉव यांचा आणखी एक प्रश्न प्रसिद्ध आहे: जिवावर बेतलं, आता मेलोच, असं कधी वाटलं होतं का? ते सांगताना माणूस भाषा सांभाळायची विसरतो. तिसऱ्या भेटीत भाची एकटी आली. प्रश्नावली नाही, चांगले कप नाहीत. आई ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती, हात कामात. माइक पदराला लावलेला, पण अर्ध्या तासाने ती तो विसरली. तेव्हा भाचीने हा प्रश्न विचारला.

आईने २६ जुलै २००५ सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण सगळ्यांनी नंतर वाचलं. आईचा २६ जुलै परळच्या बाजारात सुरू झाला. एक बस नाही, एक टॅक्सी नाही, कमरेएवढ्या पाण्यातून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती वरळीपर्यंत चालत आली. वाटेत पाण्याखालच्या दगडाला पाय अडखळला. ते सांगताना ती म्हणाली, ‘परलला मी परले.’

हे वाक्य मी अजून मनात घोळवते. परळचं परल झालं, पडलेचं परले झालं, तीन शब्दांत आमची अख्खी बोली आली. भाचीने रेकॉर्डर हातात घेतला नाही, हललीही नाही, पण तिचे डोळे मी बघितले. गंमत म्हणून रात्री तेच वाक्य मी माझ्या मोबाइलला ऐकवलं, तो बोललेलं टाइप करतो ना. त्याने लिहिलं, ‘परत परत’.

त्या मुलाच्या प्रकल्पाची गरज आहे, ती एवढ्यासाठी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, छान झालं. पण उद्या बँक, दवाखाना, रेशन सगळं बोलून होणार असेल आणि यंत्राला ‘परले’ कळत नसेल, तर आईला पुन्हा ‘मासे’च म्हणत बसावं लागेल.

आवाजाच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं माझ्या अधिकारात बोलते. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जायचा. बोलणं समजायला तेवढं पुरतं, पण ‘स’ची शीळ त्याच्या वर असते, ती कापली जाते. म्हणून फोनवर स आणि फ यांची गल्लत होते. मी चौकशीच्या १९७ नंबरवर असताना किती फडक्यांना सडके करून शोधलं असेल देव जाणे. मराठीला याचा फटका जास्त बसतो, कारण आपल्याकडे दोन च आणि दोन ज आहेत. ‘चार’मधला वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’, लिहायला एकच, बोलायला दोन. हा फरक बराचसा त्या वरच्या शिळेतच असतो.

आजचे इंटरनेट कॉल त्यामानाने खूप स्वच्छ. पण ते स्वच्छ वाटावेत म्हणून मधलं सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने आवाज छाटतं आणि दाबतं. पंखा चालू असला की तो गोंगाट समजून पुसतं आणि त्याच्याबरोबर श्वास, कुजबुज, कधी शब्दाचा शेवटही नेतं. दोघं एकदम बोलली तर एकाला गप्प करतं. ‘हं’, ‘हो गो’, ‘मग काय तर’ असले हुंकार आधी जातात. कोळणींच्या बोलण्यातून ते काढलेत तर राहिलं काय? शिवाय कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो. समोरासमोर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. दहा भाषांची तुलना करणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे मोजलेलं आहे. कॉलवर ही लय मोडते आणि माणसं भाषण केल्यासारखी पाळीपाळीने बोलू लागतात. आई तर उरणच्या बहिणीशी बोलताना पुढ्यातल्या फोनवर ओरडते, तिच्या मते उरण लांब आहे.

उरणवरून आठवलं. ऑनलाइन म्हणजे वाईटच, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आईची धाकटी बहीण उरणला करंजात दिली आहे. दोघींचा रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो, मालिका संपली की. त्यात कोणाची नात काळी, कोणाच्या होडीला डोलीच्या जाळ्यात किती बोंबील आले, सुनेने कालवणात काय घातलं, सगळं असतं. अस्सल, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या भेटींच्या पुढच्या वर्षी भाचीने दोघींना विचारून हे कॉल ध्वनिमुद्रित केले. कॉलचा आवाज तिने घेतलाच नाही. इकडे आईजवळ आणि तिकडे मावशीजवळ एकेक जादा मोबाइल नुसता रेकॉर्डिंगला लावून ठेवला, फाइल वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, आणि नंतर दोन्ही जोडल्या. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मात्र तिने बंदी घातली होती, तो आवाज फार दाबून पाठवतो. दोघींना भेटवायला उरणची लाँच धरावी लागली असती, गुडघ्यांमुळे ते होणंच नव्हतं. शिवाय एका बाजूला बर्फ फोडायचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला इंजिनांचा, अशा आमच्या ओट्यावरच्या मुद्रणापेक्षा रात्रीचं घरातलं हे मुद्रण किती तरी बरं निघालं. मुद्दा एवढाच की त्या कॉलवर समोर बहीण होती, प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

लांबून बोली गोळा करण्याची कल्पना नवीन आहे असंही नाही. ब्रिटिश अंमलातले सनदी अधिकारी ग्रियर्सन साहेब यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, ती बरीचशी कागदोपत्री झाली. ठरलेला मजकूर जिल्ह्याजिल्ह्यांत जायचा, सरकारी अंमलदार त्याचं स्थानिक बोलीत भाषांतर मिळवून परत धाडायचे. तो मजकूर म्हणजे बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट, इथल्या लोकांच्या भावना दुखू नयेत म्हणून थोडे शब्द बदललेली. त्या पाहणीचा सातवा, मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला तेव्हा साहेब इंग्लंडात राहत होते. काम फार मोठं, हे मान्यच. पण त्यातल्या किती उधळ्या मुलांची बोली खरी आणि किती जणांची अंमलदाराला बरी वाटेल अशी, हे आज कोण सांगणार? ग्रामोफोनच्या तबकड्याही नंतर झाल्या, त्यांच्यासमोरही माणसं ताठच बसली असतील. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात संशोधक गावोगावी गेले. ती मुद्रणं इंटरनेटवर ऐकायला मिळतात. पत्रक काढणाऱ्यांनी आधी ती कान देऊन ऐकावीत.

म्हणून त्यांना एवढंच सुचवते. अंदाजपत्रकात तासांबरोबर भेटीही लिहा, आणि एका घरी किमान तीन. पहिल्या भेटीत यंत्र पिशवीतून काढूच नका. पुण्याची गोड मुलगी पाठवण्यापेक्षा वस्तीतल्याच मुलांना आठवडाभर शिकवा आणि त्यांना नीट मोबदला द्या. आमच्याकडे बारावी होऊन बसलेल्या पोरी पुष्कळ आहेत, त्या आजीला ‘आपण’ म्हणणार नाहीत. तरुणांसाठी, परदेशी गेलेल्यांसाठी, अनोळखी माणसाला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत अशा घरांसाठी ऑनलाइन जरूर ठेवा, पण बोलायला त्यांना त्यांचंच माणूस द्या आणि आवाज ज्याच्या त्याच्या फोनवर मुद्रित होऊ द्या. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना मात्र क्यूआर कोड दाखवू नका. आईने तो कोड बघून विचारलं, हे कसलं जालं आहे? जालं म्हणजे जाळं.

राहिली परवानगीची गोष्ट. वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माणसाचा आवाज त्याचा असतो, तो कशासाठी घेतला हे त्याला कळायला हवं. पत्रकात याबद्दल सर्वात बारीक टायपात चार ओळी होत्या, त्याही इंग्रजीत. भाचीने मात्र आईला सगळं मुद्रण परत ऐकवलं आणि विचारलं, यातलं काय ठेवू, काय पुसू?

त्याचं काय झालं ते सांगते. तिसऱ्या भेटीच्या दिवशी, २६ जुलै सांगून झाल्यावर, आमची शेजारीण आली. आईने सुकत घातलेल्या बोंबलांचं पाणी तिच्या दारात ठिबकत होतं, ही तक्रार जुनीच. आईच्या पदराला माइक तसाच. अकरा मिनिटं भांडण झालं. दोघी एकदम बोलतायत, मधे हुंकार, टोमणे, दोन पिढ्यांपूर्वीची लग्नं, कोणी कोणाचं किती वाव जाळं कापलं, होडी घेताना कोणाच्या बापाने कोणाकडून पैसे घेतले. माझ्या आजीच्या तोंडचे, मी चाळीस वर्षांत न ऐकलेले शब्द त्यात होते. शेजारीण गेल्यावर भाची माझ्या कानात म्हणाली, ‘मावशी, हे सोनं आहे. असं कोणाकडेच नसेल.’

आईने कानाला हेडफोन लावून सगळं शांतपणे ऐकलं. ‘परलला मी परले’ला हसली, ते ठेव म्हणाली. उरणच्या बहिणीचं ठेव, कालवणाचं ठेव. भांडण मात्र शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाली, ‘हे पूस. तिची पोर आपल्याकडे शिकवणीला येते.’ भाचीने तिच्यासमोर पुसलं. कॉपी ठेवली नव्हती, मी विचारलं होतं.

पत्र छापलंत तर कृपया माझं नाव घालू नये. शेजारीण आपलंच वर्तमानपत्र घेते.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
वरळी कोळीवाडा, मुंबई